गळ्यातल्या गाठी

मुलगी पाहायला आलेली माणसं रंग पाहतात, उंची पाहतात, एखादी खाष्ट बाई केस ओढून खरे आहेत का तेही पाहते. माझं लग्न अडलं ते मात्र बोकडाच्या नरड्यात.

त्या काळी मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. हुद्दा डेमॉन्स्ट्रेटरचा. परकोटाच्या आत आमचं बिऱ्हाड, बाबांची भिक्षुकी, आणि आपली मुलगी बेडूक कापते हे यजमानांना सांगायची काही सोय नव्हती. कोणी विचारलं तर बाबा म्हणत, "मास्तरीण आहे." काय शिकवते म्हणून पुढे विचारलं तर म्हणत, "शास्त्र." भिक्षुकाच्या मुलीनं शास्त्र शिकवावं यात कोणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं, त्यामुळे विषय तिथेच संपत असे.

एकोणीसशे साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. शेजारच्या देशानं अणुबॉम्ब फोडून पाहिला आणि आमच्याकडे पानठेल्यावरचे सगळे लोक एका रात्रीत अणुशास्त्रज्ञ झाले. हवेला वेगळा वास येतो असं एकानं शपथेवर सांगितलं. तो वास ठेल्यामागच्या नालीचा होता, आणि बॉम्बच्या आधीपासून येत होता.

दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं आमच्या सरांकडे विचारणा केली. बॉम्बची धूळ वाऱ्याबरोबर दूरदूर जाते आणि गवतावर, पाल्यावर बसते. बकरी तो पाला खाते. त्या धुळीत एक प्रकारचं आयोडीन असतं, ते बकरीच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन साठतं. गाई-म्हशी तोच चारा खातात, त्यांचं दूध आपण पितो, आणि तशीच ग्रंथी आपल्याही गळ्यात असते. गावोगावच्या लोकांच्या वाट्याला ही धूळ किती आली ते तपासायचं आहे, पण लोकांचे गळे कापता येत नाहीत. तेव्हा अमरावतीच्या बकऱ्यांच्या ग्रंथी काढून पाठवाल का?

सर मोझरीच्या आश्रमात जाणारे, मांसाहाराचं नाव काढलं तरी डोळे मिटणारे. शिपाई माळकरी. आमच्यातले एक सहकारी मटण खाणारे होते, पण ते म्हणाले, "मी रोज खाटकाकडे गेलो आणि रिकाम्या हातानं घरी आलो तर बायको मलाच कापेल." उरले मी. तिथे मला घेण्यासारखं काहीच नाही, म्हणून मीच जावं, असा सगळ्यांचा तर्क निघाला. मला मनातून गंमतच वाटत होती, पण मी चेहरा त्याग केल्यासारखा ठेवला.

मी घरातला पितळी डबा घेऊन सकाळी खाटकांच्या गल्लीत जाऊ लागले. दुकानावर एक बाई बसायची, मधल्या वयाची, ठसठशीत कुंकू लावणारी. नवरा मागे कापायचा, ही पुढे विकायची. नरड्याच्या दोन्ही अंगांना भुईमुगाच्या शेंगेएवढी, काळपट तांबडी ग्रंथी असते, ती मला हवी आहे, असं मी तिला समजावून सांगितलं.

"म्हनजे गाठ म्हन ना," ती म्हणाली. "काहून व बाई? मटन नोको, कलेजी नोको, अन् नरड्याची गाठच कायले पायजे तुले?"

मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. बॉम्ब, वारा, धूळ, पाला, गळा. वर्गात पोरं ऐकत नाहीत इतकं मन लावून तिनं ऐकलं. मग सुरी पुसत विचारलं, "लगन झालं काय तुय?"

"नाही."

"मंग तसं सांग ना! लगनाची गाठ जुयत नाही म्हून नेऊन राहिली. धूय कायले फेकतं माया डोयात?"

मी नाही म्हटलं. मग जास्त जोरात नाही म्हटलं. जितकं मी नाकारलं तितकी तिची खात्री पटत गेली, कारण अशा गोष्टी कोणती मुलगी कबूल करते? कोण्या मांत्रिकानं मला हा उपाय सांगितला असणार, आणि तो मांत्रिक चांगला जाणता असणार, असा तिनं निकालच देऊन टाकला. तिला माझी दया आली. त्या दिवसापासून ती एका बोकडाच्या दोन्ही गाठी जोडीनंच देऊ लागली. "एकली गाठ नेशीन त अर्ध्यातच मोडन तुय लगन," ती बजावायची. शास्त्रालाही जोडीच हवी होती. नमुने फार नीट येत आहेत असं मुंबईहून कळलं तेव्हा सरांनी माझी पाठ थोपटली आणि मी नम्रपणे मान खाली घातली.

त्याच दिवसांत अकोल्याचं स्थळ आलं. वडील नावाजलेले वकील, मुलगाही वकील, त्यांच्याच हाताखाली काम शिकत होता. पाहायला आले तेव्हा वकीलसाहेबांनी स्वयंपाकाचं विचारलं, त्यांच्या बहिणीनं गाण्याचं विचारलं. मुलगा गप्प होता. शेवटी तुम्हीही काही विचारा असा आग्रह झाला तेव्हा तो म्हणाला, "बेडकाचं काळीज किती कप्प्यांचं असतं?"

"तीन," मी म्हणाले.

"आणि वकिलाचं?"

"अजून कापून पाहिलं नाही."

तो इतका खळखळून हसला की बशीतला चहा धोतरावर सांडला, आणि धोतर वडिलांचं होतं. मला तो त्याच क्षणी आवडला. लाजबिज काही नाही, सरळ आवडला. त्याआधी चार-पाच स्थळं येऊन गेली होती आणि ती नाकारून गेली याचं मला दर वेळी मनातून बरं वाटलं होतं. हे मात्र जाऊ नये असं वाटत होतं, आणि तसं वाटायला लागल्यापासून मला कधी नव्हे ती भीती वाटू लागली.

पण पसंती म्हणजे लग्न नव्हे. मध्ये चौकशी असते, आणि ती मुलाच्या आत्याबाईंकडे होती. आत्याबाई अमरावतीतच राहत. रोज पहाटे अंबादेवीच्या दर्शनाला जात आणि परतताना निम्म्या गावाची चौकशी उरकून येत. त्यांनी एकदा देवळातच आईला गाठलं. "तुमची मुलगी रोज सकाळी डबा घेऊन कुठे जाऊन राहिली हो?"

आई घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. मी म्हणाले, "गाठी आणायला."

"गाठी? होळी कुठे, दिवाळी कुठे! या दिवसांत गाठी कोण करतं?"

होळीला पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठींच्या माळा घालतात, तिच्या डोळ्यांपुढे त्या आल्या होत्या. त्या मी आणल्या नव्हत्या, तिच्या तिनंच आणल्या.

"कॉलेजात लागतात. मुंबईला पाठवतो."

"गळ्यात घालायच्याच ना?"

"गळ्यातल्याच."

यातला एक शब्दही खोटा नाही, वाटल्यास कोणत्याही कोर्टात सांगते. आईनं दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना अभिमानानं सांगितलं की आमच्या अमरावतीच्या गाठी थेट मुंबईला जातात. आत्याबाईंना गावाचा भारी अभिमान. त्यांनी अकोल्याला कळवलं, मुलगी गुणी आहे, हरकत नाही. रविवारी कोर्ट बंद असतं तेव्हा बैठक करू, बोलणी जमली तर तिथेच सुपारी फोडू, असा वकीलसाहेबांचा निरोप आला.

त्या आठवड्यात अवेळी पाऊस पडला. कपाशीवाले आभाळाला शिव्या देत होते आणि इकडे सर खूश, कारण पाऊस वरची धूळ खाली आणतो. पावसानंतरच्या गाठी चुकवू नका, असं मुंबईनं मुद्दाम कळवलं होतं. मी खाटकिणीला सांगून ठेवलं, रविवारी बोकड जास्त कापतात, तेव्हा त्या दिवशीच्या चांगल्या जोड्या राख, मी सुटी असली तरी येते. ती म्हणाली, "राखतो." मग बैठकीचा निरोप आला आणि रविवारी आईनं मला पहाटेच शालूत गुंडाळून स्वयंपाकघरात बसवलं. दाराकडे पाहिलं तरी ती विचारायची, "कुठे?"

माणसं आली. पुढच्या खोलीत सतरंजी, मधोमध तबक, तबकात नारळ, सुपारी, हळदकुंकू. रविवार असूनही वकीलसाहेब काळ्या कोटात, शेजारी तो. मी आत करंज्या बशीत मांडत होते, तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला.

"बाई हायेत काय घरी? आल्या नाहीत म्हून मीच गाठी घेऊन आली."

मी उठले तोवर फार उशीर झाला होता. खाटकीण नवं हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती, हातात पळसाच्या पानांचा पुडा, वरून दोरा. बाबांना वाटलं, कोणी यजमानीण मुलीच्या कार्याला साखरेच्या गाठी घेऊन आली. "या, या," ते म्हणाले, "अगदी मुहूर्तावर आलात!" आणि त्यांनी तो पुडा दोन्ही हातांनी घेऊन तबकात नारळाशेजारी ठेवला.

"या दिवसांत गाठी?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"अरे, यांच्या गाठी मुंबईला जातात," आत्याबाई म्हणाल्या. "दाखवा की हो, पाहू तरी."

बाबांनी दोरा सोडला. मी उंबऱ्यात पोचले तेव्हा पानं उघडली होती आणि हळदीवर तांबडं पाणी पसरत होतं.

कोणी काही बोलायच्या आत खाटकिणीनं मला शालूत पाहिलं आणि टाळीच वाजवली. "जुयलं व माय! मी मनत नोयती काय? लागल्या का नाही माया गाठी लागू!" मग वकीलसाहेबांकडे वळून मोठ्या समाधानानं म्हणाली, "बोकडाच्या हायेत साहेब. नरड्यातल्या. सकायच्याच."

आत्याबाईंनी पदर नाकाला लावला. आई मटकन खाली बसली. बाबांनी हात अंगापासून लांब धरले आणि अगदी शांतपणे मला विचारलं, "रोज आणत होतीस?"

"रविवार सोडून."

"बरं," बाबा म्हणाले आणि मागच्या विहिरीवर गेले. मग बराच वेळ आम्हाला बादल्यांमागून बादल्या ओतल्याचा आवाज ऐकू येत होता.

वकीलसाहेबांनी कोटाची बटणं लावली. "हा काय प्रकार आहे, ते मुलीनं स्वतः सांगावं," ते म्हणाले. आई दाराआडून खुणावत होती, औषध म्हण, औषध! पण मला आता लपवाछपवीचा कंटाळा आला होता. मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बॉम्बची धूळ इथवर येते, पाल्यावर बसते, दुधातून आपल्या पोटात जाते आणि इथे, गळ्याच्या घाटीखाली, या गाठीत साठते. "ही गाठ तुमच्याही गळ्यात आहे," मी म्हणाले. वकीलसाहेबांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. आत्याबाईंचा गेला. आईचाही गेला. दारात खाटकीणही आपला गळा चाचपत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की मुलगी आयत्या वेळी गोष्ट बरी रचते.

"मग आमच्या गळ्यात किती आहे?" वकीलसाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तेच तर पाहायचं आहे. काळजीचं कारण नाही असं सध्या म्हणतात. पण पाहिल्याशिवाय कसं म्हणणार?"

त्यांना ते पटलेलं दिसलं. बहुधा निभावलं असतं. पण आत्याबाईंना गळ्यावरचा हात काढताच कंठ फुटला. भिक्षुकाच्या घरात तबकात मांस! उद्या ही आमच्या देवघरात आणेल! वकीलसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि निवाडा सांगितला. मुलीनं हे काम आजपासून सोडावं, नोकरीही सोडावी, मग आम्ही हा प्रकार विसरू आणि सुपारी फोडू.

बाबा ओलेत्यानं आत आले होते. ते वकीलसाहेबांकडे पाहत होते, वकीलसाहेब त्यांच्याकडे, आत्याबाई आईकडे आणि आई देवाकडे. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून त्या पुड्याकडे बघत होता. हसत नव्हता. हो म्हटलं असतं तर तो मिळणार होता, आणि मला तो हवा होता, फार हवा होता. पण हो म्हणून उद्यापासून त्याच्या घरात करंज्या मांडत बसणारी जी कोणी असती, ती मी नसते, आणि त्याला आवडलेलीही ती नसती. दुपार चढत होती, पानांवर एक माशी येऊन बसली. हे आयोडीन आठवडाभरात निम्मं होतं, गाठी नासल्या तर त्यातून काहीच कळत नाही. आणि इथे सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले होते. माझं डोकं फिरलं.

"तुमचं ठरेपर्यंत बसा," मी म्हणाले. "मला पार्सल करायचं आहे."

मी तबकातून पुडा उचलला. फॉर्मलिनची बाटली मी घरातच ठेवली होती, आई तिला फिनेल समजत असे. गाठी बाटलीत टाकल्या, बाटली भुशाच्या खोक्यात बसवली, खोकं दोरीनं बांधलं आणि पुढच्या दारानंच बाहेर पडले. खाटकीण माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. "घाबरू नोको व," ती म्हणाली, "उद्या याहून मोठी जोडी देतो तुले." त्यावर हसावं की रडावं ते कळेना, आणि ती वळून गेल्यावर मी रडलेच. शालू नेसलेली बाई भर दुपारी खोकं घेऊन रडत स्टेशनकडे चालली आहे, हे पाहायला निम्मी अमरावती ओट्यावर आली होती. मी कोणाकडे पाहिलं नाही. बडनेऱ्याची गाडी चुकली तर मुंबईची मेल चुकणार होती, एवढंच डोक्यात ठेवलं.

स्टेशन दिसायला लागलं तेव्हा मागून कोणीतरी धापा टाकत येत असल्याचं ऐकू आलं. तो होता. नवे जोडे चावत होते म्हणून एक पाऊल तिरपं टाकत होता.

"तुम्ही फार भराभर चालता," तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांनी पाठवलं?"

"नाही. ते अजून गळा चाचपताहेत."

त्यानं खोकं घ्यायला हात पुढे केला, मी दिलं नाही. त्यानंही पुन्हा मागितलं नाही आणि लंगडत माझ्याबरोबर चालत राहिला.

पार्सल ऑफिसात बाबू जेवून सुस्तावला होता. त्यानं खोकं हलवलं, नाकाशी नेलं. "आत काय?"

"नमुने."

"कशाचे?"

आत मांस आहे असं कळलं असतं तर या बाबूनं ते खोकं काठीनं ढकललं असतं.

"गळ्यातले," माझ्या मागून तो म्हणाला.

बाबू ताठ बसला. "गळ्यातलं? दागिना आहे? मग बाईमाणसाच्या एकटीच्या सहीवर मी नाही घेत. उद्या माझ्या गळ्यात येईल. घरच्या माणसाची सही पाहिजे." त्यानं त्याला वरपासून चावणाऱ्या जोड्यांपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही यांचे कोण?"

"ते यांना विचारा," तो म्हणाला. तो हसत नव्हता, पण आवाज स्थिर होता. "सकाळपासून आमची सगळी माणसं एकमेकांनाच विचारत बसली आहेत. यांना अजून कोणी विचारलेलंच नाही."

बाबूनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर गाडीनं शिटी दिली.

"नवरा आहे माझा," मी म्हणाले. "वजन करा लवकर, गाडी सुटेल."